समुद्राकाठच्या घरात ग्राफिक्स कार्ड दगा देते आहे : दोष नक्की कार्डाचाच का?

हर्णैकर

नमस्कार. दापोली तालुक्यात हर्णैला आमचे घर आहे आणि संगणकाच्या खोलीची खिडकी थेट समुद्राकडे उघडते. संगणकात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ६ जीबीचे जीटीएक्स १६६० सुपर कार्ड आणि ५५० वॉटचा, फारसे नाव नसलेला पॉवर सप्लाय आहे. वॉरंटी केव्हाच संपली आहे.

पहिली तक्रार सकाळची आहे. पावसाळ्यात संगणक काही दिवस बंद राहिला की पुढच्या वेळी मॉनिटरवर ‘सिग्नल नाही’ एवढेच येते, किंवा मदरबोर्ड कंपनीचे चिन्ह दिसते तेव्हाच त्यावर रंगीत चौकोनांची रांग उमटलेली असते. तसाच अर्धा तास चालू ठेवून पुन्हा सुरू केला, तर बहुतेक वेळा सगळे सुरळीत होते. दुसरी तक्रार संध्याकाळची. खेळ ऐन रंगात आलेला असताना पडदा एकदम काळा होतो, कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने घोंघावू लागतात, हेडफोनमधला आवाज काही क्षण चालू राहतो आणि मग बटण दाबून संगणक बंद करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गंमत म्हणजे हाच खेळ दुपारी खेळला तर असे क्वचितच होते.

धूळ काढून झाली, डीडीयू हा प्रोग्राम वापरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) मुळापासून काढून नवा टाकला, विंडोजसुद्धा पुन्हा टाकून पाहिली. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ आणि ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशा नोंदी दिसतात. दुकानदाराने संगणक न उघडताच ‘कार्ड गेले, नवीन घ्या’ असा निकाल दिला. या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसल्याने कार्ड काढून संगणक चालवून पाहता येत नाही आणि तपासण्यापुरते दुसरे कार्ड मिळण्यासारखे नाही. नवीन घेण्याची तयारी आहे, पण तेही याच खोलीत आणि याच सप्लायवर चालणार असेल तर आधी दोष कुठे आहे ते कळावे, अशी इच्छा आहे.

सोल्डरगन (रत्नागिरी)

दोन्ही तक्रारी वेगळ्या करून लिहिल्यात ते फार बरे केलेत, कारण त्यांची कारणे एकच असतील असे मला वाटत नाही.

आधी नोंदींविषयी. ग्राफिक्स कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिले नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते आणि ४१०१ ही नोंद टाकते. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नाही, आणि तो तर तुम्हीच बटण दाबून बंद केलात. या दोन्ही नोंदी म्हणजे निव्वळ पंचनामा आहे, गुन्हेगाराचे नाव त्यात नसते. कंपनीचे चिन्ह दिसताना चौकोन उमटतात, ही माहिती मात्र मोलाची आहे. त्या वेळी विंडोजचा ड्रायव्हर अजून सुरूच झालेला नसतो. त्यामुळे ड्रायव्हर बदलून तुम्हाला गुण आला नाही, यात नवल नाही.

उष्णतेने होणारा बिघाड कार्ड तापत जाईल तसा वाढतो. तुमचे उलट आहे : थंड असताना बिघाड आणि गरम झाल्यावर आराम. किनाऱ्यावरून माझ्याकडे येणाऱ्या कार्डांत हे लक्षण दिसले की मी प्रथम मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये (खाचेत) बसणाऱ्या सोनेरी पट्ट्यांकडे पाहतो. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण घरात येतात आणि धुळीत मिसळून बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच ओलावा ओढून विरघळते, आणि मग त्या धुळीचा वीज वाहून नेणारा पातळ थर होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या वरच असते. संगणक चालू असला तर आतली हवा गरम राहते आणि थर सुकतो. म्हणून पावसाळ्यात संगणक वापरण्यापेक्षा तो दिवसेंदिवस बंद ठेवणेच कार्डाला अधिक बाधते.

जीपीयू-झी हा मोफत प्रोग्राम उघडून ‘बस इंटरफेस’ ही ओळ पाहावी आणि तिच्या शेजारचे प्रश्नचिन्ह दाबून चाचणी सुरू करावी. काम नसताना वेग १.१ वर उतरतो, त्याची काळजी नको. पण चाचणी चालू असताना तुमच्या कार्डाने ‘एक्स१६’ (जोडणीच्या सोळा मार्गिका) आणि ३.० (वेगाची पिढी) दाखवले पाहिजे. तिथे एक्स८ किंवा एक्स४ दिसले तर काही पट्ट्यांचा स्लॉटशी संपर्क होत नाही, असे समजावे.

तसे निघाल्यास मुख्य स्विच बंद करून कार्ड काढा, पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकल्यावर कार्ड स्लॉटमध्ये दोनतीनदा बसवून काढा, म्हणजे स्लॉटच्या आतल्या पिनाही घासल्या जातील. खोडरबर पुष्कळजण वापरतात. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तेव्हा काळपटपणा निघतच नसेल तरच, मऊ पांढऱ्या रबराने आणि हलक्या हाताने.

मालवणी मीटर

वरील निदान मला पटते, स्वच्छतेच्या कृतीत मात्र एक दुरुस्ती सुचवतो. मीठ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. नुसत्या अल्कोहोलने तेलकटपणा जातो आणि मीठ एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. आधी मऊ ब्रश डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओला करून पट्ट्या आणि आसपासचा भाग पुसावा, आणि मग पाणी ओढून घेण्यासाठी ९९ टक्के अल्कोहोल वापरावे. बॅटरीत घालण्यासाठी गॅरेजमध्ये मिळणारे डिस्टिल्ड वॉटर चालेल, विहिरीचे किंवा नळाचे पाणी चालणार नाही. पंखे आणि हीटसिंक काढले नसतील तर पाणी चिपपर्यंत जाऊ देऊ नका.

आता संध्याकाळच्या तक्रारीकडे वळतो. दुपारी नीट आणि संध्याकाळी बंद, हे वाचल्याबरोबर मला खोलीतल्या सॉकेटचा संशय आला. हे कार्ड १२५ वॉटचे आहे. स्लॉटमधून ७५ आणि आठ पिनांच्या केबलमधून १५० वॉटपर्यंत वीज मिळण्याची सोय असते, म्हणजे ५५० वॉटचा प्रामाणिक सप्लाय तुमच्या संगणकाला भरपूर झाला. प्रश्न विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) आहे. विजेच्या वाहिनीच्या टोकाच्या घरांत सगळीकडे दिवे आणि पंखे लागले की २३० व्होल्टचे १९० व्हायला वेळ लागत नाही. सप्लायच्या लेबलावर १००-२४० छापले आहे की २००-२४०, ते पाहा. २००-२४० असेल, तर दाब त्याखाली गेल्यावर आणि त्याच क्षणी कार्डाने जोराची मागणी केल्यावर सप्लायकडून कार्डाला मिळणारी १२ व्होल्टची लाइन कोसळू शकते. तेव्हा कार्ड नेमके तुम्ही सांगता तसेच वागते : पडदा काळा, पंखे सुसाट आणि आवाज चालू.

अर्थिंगही तपासून घ्या. जांभ्याच्या कातळात खड्डा नीट घेतलेला नसेल तर उन्हाळ्यात जमीन सुकल्यावर अर्थिंग नावापुरतेच उरते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा. आणि तोपर्यंत संगणक चालू असताना एचडीएमआयची केबल काढूघालू नका, त्यात कार्डाचे पोर्ट जळू शकते.

खाडीपलीकडचा

माझ्या मित्राने असेच कार्ड केक भाजायच्या ओव्हनमध्ये ठेवले होते आणि ते चालू झाले होते. तो प्रयोग करून पाहायला हरकत आहे का?

सोल्डरगन (रत्नागिरी)

आहे. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळते. घरच्या ओव्हनमध्ये तेवढे तापमान सगळीकडे सारखे मिळत नाही, आणि मिळालेच तर कनेक्टरांचे प्लास्टिक आणि कपॅसिटर आधी जातात. अशी कार्डे कधीकधी चालू होतात हे खरे, पण उष्णतेने चिपखालचा एखादा तुटका जोड तात्पुरता टेकलेला असतो आणि थोड्याच काळात तो पुन्हा सुटतो. शिवाय त्या ओव्हनमध्ये नंतर केक भाजायचा असतो.

‘मालवणी मीटर’ यांची डिस्टिल्ड वॉटरची सूचना योग्य आहे. कार्ड पूर्ण उघडून धुताना आम्हीही तसेच करतो.

हर्णैकर

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे तपासले, ते क्रमाने सांगतो.

चाचणी चालू असताना जीपीयू-झीमध्ये एक्स८ दिसत होते. कार्ड काढून पाहिले तर पट्ट्यांच्या एका टोकाला तांब्याच्या जुन्या भांड्यावर येतो तसला हिरवट डाग होता. डिस्टिल्ड वॉटर आणि मग अल्कोहोल अशा क्रमाने पुसून, रात्रभर सुकवून कार्ड बसवल्यावर एक्स१६ दिसू लागले. त्यानंतर भर पावसात संगणक बंद ठेवून पुन्हा सुरू केला, तरी सिग्नल लगेच आला आणि चौकोन दिसले नाहीत.

संध्याकाळी पडदा काळा होणे मात्र थांबलेले नाही. वायरमनकडून रात्री आठच्या सुमारास दाब मोजून घेतला तर १८५ व्होल्ट भरला, आणि सप्लायच्या लेबलावर २००-२४० असेच छापलेले आहे. कॅबिनेटला मुंग्या येत नाहीत. आता स्टॅबिलायझर घ्यावा की सप्लाय बदलावा? आणि कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात का?

मालवणी मीटर

खर्च करण्यापूर्वी एक फुकटची चाचणी करा. आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये ‘पॉवर लिमिट’ (कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणून त्याच वेळी तोच खेळ खेळा. पडदा काळा होणे थांबले किंवा स्पष्टपणे कमी झाले, तर संशय सप्लायवर पक्का होतो. मग १००-२४० व्होल्टचा, अॅक्टिव्ह पीएफसी (सॉकेटमधून वीज सुरळीत ओढणारे सर्किट) असलेला चांगला सप्लाय घ्या. दाब सतत १८५ राहत असेल तर फ्रिज आणि मोटारीसाठी स्टॅबिलायझर हवाच, पण संगणकासाठी आधी सप्लाय बदलणे अधिक योग्य. यूपीएस घेणार असाल तर तो त्या सप्लायबरोबर नीट चालतो ना, हे दुकानातच लावून पाहा. काही स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरी अॅक्टिव्ह पीएफसीला मानवत नाहीत आणि लाईट गेल्याक्षणी संगणक बंद पडतो.

सिलिका जेल बंद डब्यात काम करते. पंखे बाहेरची हवा सतत आत ओढत असलेल्या कॅबिनेटमध्ये त्या पुड्या पहिल्याच दिवशी भिजून बसतील. त्यापेक्षा कॅबिनेट खिडकीसमोरून आतल्या भिंतीकडे हलवा आणि पावसाळ्यात खेळायचे नसले तरी रोज थोडा वेळ संगणक चालू ठेवा.

सोल्डरगन (रत्नागिरी)

सहमत. फक्त नवा सप्लाय लावल्यावर ओसीसीटी या चाचणीच्या प्रोग्राममधली ग्राफिक्स मेमरीची चाचणी एकदा पूर्ण चालवा. तिथे एकही चूक निघाली नाही तर कार्ड निर्धास्त वापरा. चुका निघाल्या तर मेमरीची चिप बदलण्याचे काम कार्ड पूर्ण उघडून, योग्य यंत्रावरच करावे लागते. तसे कोणी सुचवले तर मजुरी आधी विचारून घ्या आणि ती नव्या कार्डाच्या निम्म्याच्या वर जात असेल तर त्या भानगडीत पडू नका.