किनाऱ्यावरच्या ११० केव्ही वाहिन्या: चिनी मातीच्या चकत्या की सिलिकॉनचे इन्सुलेटर?

झुआरीकाठ: गोव्यात समुद्र-खाडीलगतच्या टॉवरवरून तार धरून वीज अडवणाऱ्या चिनी मातीच्या चकत्या उतरवून सिलिकॉन रबराचे पॉलिमर इन्सुलेटर चढवावेत. पाऊस सरला की मीठ बसायला लागतं. पुढे थंडीच्या पहाटे दंव पडलं की तो थर ओला होतो, गळतीप्रवाह वाहतो, मध्येच सुकलेल्या पट्ट्यांवर ठिणग्या उडतात आणि फ्लॅशओव्हर होऊन, म्हणजे वीज इन्सुलेटरवरून टॉवरकडे उडी मारून, लाइन ट्रिप होते. आषाढात हे क्वचितच, कारण मुसळधार पाऊस मीठ धुऊन नेतो. सिलिकॉनवर पाणी थेंबाथेंबाने राहतं, सलग पापुद्रा धरत नाही. त्यातले हलके रेणू वर बसलेल्या मिठातही झिरपतात, मग तो थरही पाणी झटकतो. चिनी मातीला हे कधीच जमणार नाही.

फोंड्याचो: बाब, आधी क्रीपेजचा, म्हणजे इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून तारेपासून टॉवरपर्यंतच्या वाटेच्या लांबीचा, हिशेब करा. अतिप्रदूषित पट्ट्यासाठी ३१ मिमी प्रति केव्ही. ११० केव्हीचा कमाल विद्युतदाब १२३ केव्ही, म्हणजे ३८१३ मिमी हवेत. साध्या चकतीचं क्रीपेज २९२ मिमी, ९ चकत्यांचं २६२८. तिथेच घात होतो. खालून खोल बरगड्या असलेल्या अँटिफॉग चकतीचं ४३२. तेवढ्याच ९ चकत्यांत ३८८८ मिळतात आणि १४५ मिमी उंचीच्याच घेतल्या तर माळेची लांबीही वाढत नाही. दोष मातीचा नाही, निवडीचा आहे. उलट पॉलिमरच्या टोकाचं सील गेलं की ओल आतल्या फायबरग्लासच्या दांड्यात शिरते, तिथे आम्ल तयार होऊन तंतू खातं आणि एक दिवस दांडा कट्कन मोडून तार खाली येते. फुटकी चकती जमिनीवरून दुर्बिणीने दिसते, हा दोष दिसत नाही.

झुआरीकाठ: म्हणूनच निविदेत आम्लरोधक, बोरॉनविरहित काचेचाच दांडा मागायचा. चढवताना शेडवर, म्हणजे रबराच्या छत्रीसारख्या कड्यांवर, पाय देऊ नये, दोर थेट शेडला बांधू नये. सीलची अर्धी दुखणी तिथूनच सुरू होतात. तुमच्या अँटिफॉगच्या खोल बरगड्यांत खालून मीठ साचतं, पाऊस तिथे पोचत नाही. ते कोण धुणार?

फोंड्याचो: शटडाउन घेऊन, कापडाने, थंडीच्या आधी. वर्षाला एकदा.

तिसवाडीकर: दोघांच्या मधलाही मार्ग आहे. आहेत त्याच चकत्यांवर आरटीव्ही, म्हणजे साध्या तापमानालाच घट्ट होणाऱ्या, सिलिकॉनचा लेप. पण चकती आधी पूर्ण धुऊन सुकवावी लागते, ओलसर पृष्ठभागावर लेप सोलून निघतो. झाडीच्या सावलीतल्या टॉवरवर मात्र सिलिकॉनलाही शेवाळ धरतं आणि पाणी झटकणं मंदावतं. तिथे पाणी फवारून थेंब राहतात की पसरतात, हे दर पावसाळ्यानंतर पाहावं.