मदत हवी आहे: ‘अट पाळली नाही तर पैसे कापले जातील’ हे लाभार्थ्याला कळेल असं कसं लिहायचं?

मसुदाकार: आर्थिक मदत योजनेची नोटीस नव्याने लिहायची आहे. सध्याचं वाक्य: ‘विहित मुदतीत पूर्तता न केल्यास अनुज्ञेय लाभ संस्थगित करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’ पत्र पोचलेलं असतं, तरी लोक चौकशीला येतात ते पैसे कापले गेल्यावरच. विधी शाखा शब्दाला हात लावू देत नाही. काय करता येईल?

साधीसोपी: मूळ वाक्य कलमासकट मागच्या बाजूला राहू द्या. दर्शनी बाजूला साधा मजकूर घाला, पण तोही विधी शाखेला दाखवा. दोन्हींत तफावत राहिली तर अपिलात अंगाशी येते. साधारण असं:

‘तुम्ही 4 जूनच्या प्रशिक्षणाला आला नाहीत. 20 जूनपर्यंत आम्हाला भेटा किंवा फोन करा. नाही केलात तर जुलैपासून 2400 ऐवजी 1800 मिळतील. आजारपण होतं, मुलांना सांभाळायला कोणी नव्हतं, अशी काही अडचण असेल तर सांगा. कपात टळू शकते. प्रशिक्षण पुन्हा सुरू केलंत की पुढच्या महिन्यापासून पूर्ण रक्कम मिळेल.’

शेवटची दोन वाक्यं अर्थात तुमच्या नियमात बसतील तशी. ‘10 दिवसांच्या आत’ लिहू नका: पत्रावरच्या तारखेपासून की हातात पडल्यापासून, यावर वाद ठरलेला. ‘25 टक्के कपात’ही नको, हातात किती पडणार तो आकडा द्या.

कलमबहाद्दर: अडचणीची ओळ कोणी गाळायला सांगितली तरी गाळू नका. अमेरिकेच्या 1996 च्या कायद्यात, सहा वर्षांखालचं मूल एकट्याने सांभाळणाऱ्या पालकाला पाळणाघराची सोय मिळत नसल्याचं सिद्ध झालं, तर काम न केल्याबद्दल त्याची मदत कापता येत नाही. पण अशी सूट पत्रात नसेल तर ती मागणार कोण? अपील कुठे आणि कधीपर्यंत, तेही दर्शनी बाजूलाच हवं. मदत बंद करण्याआधी सूचना आणि सुनावणी द्यावी लागते, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्येच ठरवलं आहे.

मसुदाकार: दंड अगदी पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत टाकू का? निदान धाक तरी बसेल.

साधीसोपी: नको. धाक बसतो, पण काय करायचं ते वाचायचं राहून जातं. आधी काय करायचं, लगेच खाली दंड. तळाशी ढकलणंही तितकंच वाईट.

छापण्याआधी चार-पाच लाभार्थ्यांना वाचायला द्या. ‘कळलं ना?’ विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘आता तुम्ही काय करणार? कधीपर्यंत? नाही केलंत तर किती मिळतील?’ असं विचारा. जिथे दोघे अडले ते वाक्य बदला. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनीही हेच तीन प्रश्न विचारावेत. नावनोंदणीच्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात सांगितलेली अट कोणाच्या लक्षात राहत नाही.

मसुदाकार: एसएमएसही जातो. त्यात काय ठेवू?

कलमबहाद्दर: फक्त काय करायचं, तारीख आणि रक्कम, तीही पत्रातलीच. संगणकप्रणाली मुदत वेगळी मोजून भलतीच तारीख पाठवते, ते आधी तपासा. लिंक टाकू नका, फसवणुकीचा मेसेज समजून पुसतात. पत्रावर आहे तोच फोन नंबर द्या.