घरासाठी प्रिंटर : इंकटँक घ्यावा की काळा-पांढरा लेझर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरचा जुना इंकजेट बंद पडला आहे आणि आता नवा घ्यायचा आहे. बरेच दिवस वाचतेय, पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय.

आधी आमचा वापर सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. दोन मुलं शाळेत आहेत, त्यांचे सरावाचे कागद, नकाशे, प्रकल्पांसाठी चित्रं. वडील आमच्याकडेच असतात. त्यांना पडद्यावर वाचवत नाही, म्हणून लेख मोठ्या अक्षरात छापून देते आणि ते मन लावून वाचतात. प्रिंटर घरातच हवा हा माझा आग्रह मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. बाकी अर्ज, तिकिटं, ओळखपत्रांच्या प्रती. शाळा चालू असताना महिन्याला शंभरेक पानं होतात. त्यातली रंगीत फार तर दहा-पंधरा. सुट्ट्यांत मात्र महिना-महिना त्याला कोणी हात लावत नाही.

जुन्याचं दुखणं नेमकं तिथेच होतं. कार्ट्रिजमध्ये शाई असायची, तरी सुट्टीनंतर पहिल्याच पानावर पांढऱ्या रेघा. मग हेड क्लीनिंग (म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाची, हेडची, सफाई), ते पुरलं नाही की पुन्हा क्लीनिंग, आणि त्या साफसफाईतच उरलेली शाई संपायची. रंगीत कार्ट्रिज रिकामं झालं की काळं पानही छापून देत नसे. शेवटी अशी वेळ आली की दोन्ही कार्ट्रिजच्या पैशांत जवळपास तसलाच नवा प्रिंटर येत होता.

आता सगळे इंकटँक (कार्ट्रिजऐवजी टाकीत बाटलीने शाई भरायचा इंकजेट) घ्या म्हणतात, कारण छपाई स्वस्त पडते. ते पटतं. पण बाटलीतली शाई सुकणार नाही का? लेझर घेतला तर रंगीत पानांचं काय करायचं? स्कॅनर हवाच आहे, फोनवरून छापता यायला हवं. घेताना स्वस्त आणि नंतर खिसा कापणारा, असा पुन्हा नको.

प्रतिसाद १

तुम्ही पानांचा आकडा दिलात ते बरं केलंत, पण माझ्या मते निर्णय त्या 'महिना-महिना हात लावत नाही'वर व्हायला हवा. प्रिंटर निवडताना लोक किती छापतो ते मोजतात. तो किती दिवस नुसता पडून असतो हे कोणी विचारत नाही, आणि घरचे इंकजेट बहुतेक वेळा पडून पडूनच बिघडतात.

इंकजेटची शाई पाण्यावर आधारलेली असते आणि हेडची छिद्रं केसाहून बारीक. न वापरता ठेवलं की शाई तिथेच सुकते. टँक आल्याने शाई स्वस्त झाली, सुकण्याचा स्वभाव बदलला नाही. बाटलीत किंवा टाकीत ती लवकर सुकत नाही, पण हेडच्या तोंडाशी सुकतेच. फरक पडतो तो हेड कुठे आहे याने. साध्या कार्ट्रिजच्या बऱ्याच प्रिंटरांत हेड कार्ट्रिजवरच असतं, म्हणजे नवं कार्ट्रिज घातलं की हेडही नवं. एप्सनच्या टँकमध्ये ते यंत्रातच पक्कं बसवलेलं असतं. चांगलं टिकतं, पण पार तुंबलं तर तंत्रज्ञ गाठावा लागतो आणि खर्च मोठा होतो. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या बऱ्याच स्मार्ट टँकमध्ये हेड घरच्या घरी बदलता येतं. टँक घ्यायचा ठरलाच तर हे आधी विचारून घ्या.

लेझरमध्ये शाईच नसते. टोनर म्हणजे प्लास्टिकची अतिशय बारीक पूड, ती सुमारे २०० अंश तापलेल्या फ्युझर नावाच्या भागातून जाताना कागदावर वितळून चिकटते. सुकायला काही नाही. सुट्टीनंतर चालू करा, पहिलं पान स्वच्छ येईल. वडिलांसाठी तर हेच उत्तम : अक्षर ठसठशीत येतं आणि ओल्या बोटाने पुसलं जात नाही. साध्या डाय (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या) शाईचं पान पाणी लागलं की पसरतं.

आता खर्च. टँकच्या काळ्या बाटलीत मॉडेलप्रमाणे साधारण ४,००० ते ६,००० पानं निघतात. लहान लेझरचा टोनर बहुधा १,५०० ते २,६०० पानांचा. म्हणजे दर पानाला टँकच स्वस्त, यात वाद नाही. पण तुमच्या वापराला टोनरसुद्धा वर्ष-दीड वर्ष सहज पुरेल. त्या अवधीत टँकने दर पानामागे वाचवलेले पैसे एका हेडच्या दुरुस्तीत जाऊ शकतात.

हे आकडे ठरावीक चाचणी पानांवर काढलेले असतात आणि त्यात पानाचा फार थोडा भाग छापलेला असतो. पानभर चित्र छापलं की तो हिशेब कोसळतो. शिवाय लेझरसोबत येणारा पहिला टोनर बऱ्याचदा अर्धवट भरलेला असतो. नव्या टँकमध्येही पहिल्या बाटलीतली बरीच शाई नळ्या भरण्यात जाते. म्हणून पहिल्या भरणीवरून मत बनवू नका.

रंगीत लेझरचा मोह टाळा. चार टोनर, मोठा आकार, आणि ते चारही बदलायची वेळ आली की खरी किंमत कळते. महिन्याची दहा-पंधरा रंगीत पानं बाहेरून छापून आणा. माझं मत : काळा-पांढरा लेझर, स्कॅनरसह, वाय-फाय असलेला.

प्रतिसाद २

मी थोडं वेगळं सांगते, कारण आमच्याकडे टँक आहे आणि अजून तरी एकदाही तुंबलेला नाही. मुलं लहान असतील तर रंगीत पानांसाठी दर वेळी बाहेर धावणं फार जिवावर येतं. 'उद्या सकाळी हवंय' हे आपल्याला रात्रीच कळतं.

पण दोन गोष्टी नेमाने करते. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एक पान छापते, सुट्टीतसुद्धा. आणि प्रिंटर नेहमी त्याच्या बटणानेच बंद करते, भिंतीवरच्या स्विचने कधीच नाही. बटणाने बंद केला की हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. मध्येच वीज तोडली तर ते उघडं राहू शकतं आणि लवकर सुकतं. तुमच्या जुन्या प्रिंटरचं हेच तर होत नसेल?

आणखी एक, जे विकताना कोणी सांगत नाही. सफाईत वाहून गेलेली शाई आत एका पॅडमध्ये जिरते. ते भरलं की काही यंत्रं छपाईच थांबवतात. हे पॅड ज्यात असतं तो मेंटेनन्स बॉक्स स्वतः बदलता येणारं मॉडेल घ्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. स्विचचं वाचून चमकले, आमच्याकडे सगळी उपकरणं रात्री भिंतीवरच बंद होतात.

आठवड्याचं पान सुट्टीत कोण छापणार? आम्ही सगळेच बाहेर असतो. त्यामुळे मन लेझरकडे झुकतंय. ताई, रात्री उशिरा लागणाऱ्या रंगीत चित्रांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण मुलं आता रंगीत पेन्सिलींनी नकाशे रंगवतील आणि ते मला जास्त आवडेल. वडिलांना मात्र रोजची पानं चुकायला नकोत.

दोन शंका उरल्या. टोनर रिफिल करून घ्यावा का? आणि लेझर इन्व्हर्टरवर चालेल का?

प्रतिसाद १

इन्व्हर्टरवर किंवा लहान यूपीएसवर लावू नका. फ्युझर तापताना क्षणभर खूप मोठा भार ओढतो. थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा, आणि वीज गेली असेल तर पानं थांबू द्या.

रिफिलचं उत्तर यंत्रावर आहे. एचपी आणि कॅननच्या लहान लेझरमध्ये बहुधा टोनर आणि ड्रम (पूड कागदावर उमटवणारा रूळ) एकाच कार्ट्रिजमध्ये असतात. पूड पुन्हा भरली तरी ड्रम झिजतच असतो, त्यामुळे दोन-तीन रिफिलनंतर पानाच्या कडेला डाग किंवा फिकट पट्टे दिसू लागतात. ब्रदरमध्ये ड्रम वेगळा असतो, बऱ्याच मॉडेलांत साधारण १२,००० पानांचा, म्हणजे तुमच्या वापराला कित्येक वर्षं. तिथे फक्त टोनर बदलत राहायचा. दुसरं म्हणजे कार्ट्रिजवरची चिप, जिच्यावरून प्रिंटर कार्ट्रिज ओळखतो. २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी बाहेरची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची, कार्ट्रिज अचानक नाकारली होती, असे निर्बंध फर्मवेअरमधून (प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमधून) येतात. बाहेरचा टोनर वापरायचा असेल तर ते मॉडेल तो चालवून घेतं का, हे खरेदीच्या आधी बघा.

फोनवरून छापायला एअरप्रिंट (आयफोनसाठी) आणि मोप्रिया (अँड्रॉइडसाठी) दोन्ही सोयी आहेत का ते तपासा, मग वेगळं अॅप लागत नाही. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा मिळाला तर जरूर घ्या, कागद निम्मा लागतो. आणि घेण्याआधी त्याच मॉडेलच्या टोनरची किंमत विचारून, तिला त्याच्या पानांनी भागून बघा.