मदत हवी आहे : 'लोरेन' हे नाव नोंदींमध्ये कसं ओळखायचं?

स्त्रीनावांच्या कोशात 'लोरेन'ची नोंद करायची आहे. मूळ पक्कं आहे : 855 साली प्र्यूमच्या करारानं फ्रँक राजा दुसऱ्या लोथारला जे राज्य मिळालं ते लोथारिंगिया, त्याचंच फ्रेंच रूप लोरेन, जर्मन रूप लोथ्रिंगेन. 1766 साली ही डची (ड्यूकचं संस्थान) फ्रान्सच्या राजसत्तेत विलीन झाली. म्हणजे एका राजाचं नाव प्रदेशाला मिळालं आणि प्रदेशाचं नाव मुलींना. हा प्रवास फार सुंदर आहे, म्हणूनच नोंद चुकायला नको.

अडचण शोधताना येते. साउंडेक्स पद्धतीच्या (नावांना उच्चारानुसार अक्षर-आकड्यांचा संकेत देणाऱ्या) सूचीत लोरेन, लॉरेन, लोरेना आणि लॉर्ना या चारही नावांचा संकेत एकच पडतो, एल-650. कारण त्यात स्वर गळतात आणि Lorraine मधला जोड 'आर' एकदाच मोजला जातो. त्यातलं 'लॉरेन' तर लॉरेन्शियस या लॅटिन पुरुषनावावरून आलेलं, म्हणजे कुळच वेगळं. शिवाय जुन्या लॅटिन कागदांत 'मारिया दे लोथारिंगिया' असं दिसलं तर ते घराणं किंवा प्रदेश समजायचा, दुसरं नाव नव्हे. स्कॉटलंडच्या मेरी राणीची आई मारी द गीझ (गीझ ही लोरेन घराण्याचीच शाखा) हिलाही 'लोरेनची मेरी' म्हणत, ते याच अर्थानं.

जाणकारांनी सांगावं :
घराण्याचा उल्लेख नसून खरोखर पहिलं नाव म्हणून 'लोरेन' आल्याची सर्वांत जुनी बाप्तिस्मा-नोंद कोणी पाहिली आहे का? वर्ष आणि मूळ स्पेलिंग दोन्ही हवीत.
गोव्यातल्या पोर्तुगीज नोंदवह्यांत 'लोरेना' सापडतं का?
आणि देवनागरीत 'लोरेन' व 'लॉरेन' हा फरक पुरेसा वाटतो, की कंसात मूळ प्रदेश द्यावा?