फ्रंटवर पाठवायची किट्स कोणी भरली आहेत का? अनुभव लिहा

वॉर्सावाली
मंडळी, २०२२ च्या मार्चपासून आम्ही काही जण इथे युक्रेनी सैनिकांसाठी फर्स्ट एडचे पाऊच भरतोय. ऑफिसमधल्या युक्रेनी मैत्रिणीचा भाऊ फ्रंटला गेला, तिने यादी दाखवली आणि मला त्यातलं निम्मं कळलंच नाही. टूर्निकेट म्हणजे हातापायाला करकचून आवळायचा पट्टा, त्याला एक दांडी असते, ती पिळली की रक्त थांबतं. ओरिजिनल साधारण ३० डॉलरला पडतो, आम्ही शहाणपणा करून ऑनलाइन पाव किमतीत ४० मागवले, दिसायला अगदी सेम. ट्रेनिंग द्यायला आलेल्या बाईंनी एक उचलला, स्वतःच्या मांडीवर चढवला, दांडी दोन वेढे फिरवली आणि तिसऱ्याला कट्कन तुटली. काही बोलल्या नाहीत, दुसरा उचलला. तोही तसाच. प्रॅक्टिसला पण ठेवू नका म्हणाल्या, चुकून खऱ्यांत मिसळले तर? चाळीसच्या चाळीस कचऱ्यात.
तुमचेही अनुभव येऊ द्यात. चूक कोणाची, पुतीन, नाटो वगैरे दुसरीकडे प्लीज.

बर्लिनकर
आमच्याकडे मेडिकल नाही, आम्ही न्हाणीघर खातं :) वाइप्स, फूट पावडर, मोजे. पूर्व युक्रेनमधल्या डोनबासच्या चिखलात दिवसेंदिवस बूट काढता येत नाहीत, पाय अक्षरशः कुजतात. लोक प्रेमाने शॅम्पू आणून देतात, अरे पण खंदकात पाणी कुठून आणणार? म्हणून 'ड्राय शॉवर' पाठवतो, पाकिटात स्पंज आणि लिक्विड, अंग पुसायचं, धुवायची भानगड नाही. पहिल्या हिवाळ्यात वाइप्सचे मोठे फॅमिली पॅक पाठवले तर निरोप आला की विटा मिळाल्या, धन्यवाद. गोठून दगड झालेले! तेव्हापासून छोटी पाकिटं, जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला राहतील अशी.
आणि हो, सॅनिटरी पॅड्स कधी यादीत आलेच नाहीत. बायको म्हणाली तिकडे बायका लढत नाहीत का, विचार की. विचारलं तर लगेच उत्तर, हो हो लागतात. यादी करणारा पुरुष होता, दुसरं काय.

लीड्सची नर्स
बर्लिनकर, शॅम्पू परवडला. आमच्याकडे कपाट झाडून आणतात लोक, अर्धी संपलेली कफ सिरपची बाटली पण आलीये. माझे दोन शनिवार नुसते एक्स्पायरी डेट बघण्यात गेले.
पाऊचमधलं सांगते. रक्त गोठवणारं गॉझ असतं, ते जखमेवर ठेवायचं नसतं, बोटाने आत ठासायचं आणि किमान ३ मिनिटं दाबून धरायचं. चेस्ट सील म्हणजे छातीला भोक पडलं तर त्यावर लावायचा चिकट पॅच. चकचकीत ब्लँकेट लोकांना फालतू वाटतं, पण रक्त गेलं की माणूस गार पडतो आणि गार अंगात रक्त नीट गोठत नाही. आणि मार्कर, पट्टा किती वाजता आवळला ते लिहायला. हे सगळ्यात स्वस्त आणि हेच टाकायचं राहतं. ड्रोनमुळे जखमीला पटकन मागे आणता येत नाही, रात्र रात्र तिथेच पडून राहतो, आणि पट्टा दोन तासांच्या वर गेला की पायाची खात्री देता येत नाही. त्यामुळे पट्टा सोडून प्रेशर बँडेजवर, म्हणजे जखमेवर दाबून बांधायच्या पट्टीवर, कसं यायचं, कधी येऊ नये, हे आता मुद्दाम शिकवतात.

सातारकर
आमच्या आजीने १९६२ ला जवानांसाठी स्वेटर विणलेले. माप कोणाचं ते माहीत नाही, मग आजोबांना उभं करून त्यांच्याच मापाचे सगळे. आजोबा पाच फूट दोन इंच. कोणाला झाले देव जाणे.
काका आर्मी मेडिकल कोरात होते. ते सांगायचे, फील्ड ड्रेसिंग, म्हणजे जखमेवर बांधायची तयार पट्टी, प्रत्येकाकडे, ठरलेल्या खिशात. जखमीला बांधायचं ते त्याच्याच खिशातलं, आपलं आपल्याला राहू द्यायचं.
पण एक विचारतो, राग मानू नका, हे सगळं सरकारने द्यायचं ना?

वॉर्सावाली
द्यायचंच. देतंही. पण पट्टा एकदा वापरला की संपला आणि मैत्रिणीचा भाऊ टेंडर निघायची वाट बघत बसणार नाही ना. काकांचा नियम तिकडेही तोच आहे, म्हणून पाऊच प्रत्येकाचा एकाच जागी लावतात आणि डाव्या हाताने पण उघडला पाहिजे. आम्ही भरून झाला की डोळे मिटून एका हाताने उघडून बघतो, माझी चेन दोनदा अडकली तो अख्खा लॉट परत शिवायला दिला.
बर्लिनकर, शनिवारी बसतोय, कात्र्या ११ कमी पडतायत. आहेत का?

बर्लिनकर
आहेत १५. बोथट टोकाच्याच ना?

वॉर्सावाली
हो त्याच, बूट कापायच्या. सगळ्या पाठवा.