बहात्तरच्या दुष्काळावर नववीच्या मुलांकडून संशोधन करून घ्यायचे आहे. सुरुवात कशी करावी?

माणदेशी_मास्तर
नमस्कार. मी सांगोला तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवतो. नववीच्या इतिहासाचा भर १९६० नंतरच्या भारतावर असल्यामुळे गेल्या वर्षी मुलांना १९७२ च्या दुष्काळावर प्रकल्प दिला होता. बेचाळीस वह्या जमा झाल्या. त्यांतील एकतीस वह्यांचा पहिला परिच्छेद शब्दशः एकच होता आणि एका मुलीने तर संकेतस्थळावरचे ‘अधिक वाचा’ हे शब्दही सुवाच्य अक्षरात उतरवले होते. दोष मुलांचा नव्हता, कारण ‘माहिती मिळवा’ याखेरीज मी काही सांगितलेच नव्हते. आमच्या गावचा पाझर तलाव त्याच दुष्काळात झाला, त्या कामावर खडी फोडलेली माणसे आजही पारावर बसलेली दिसतात, आणि तरीही एकाही वहीत त्यांचा उल्लेख नव्हता.

यंदा हे बदलायचे आहे. वर्गात एक स्मार्ट टीव्ही आणि एक लॅपटॉप आहे. पालकांचे मोबाईल मुलांना संध्याकाळीच मिळतात. चाचणी म्हणून दोन मुलाखती रेकॉर्ड केल्या, तेव्हा एक आजोबा मजुरी तीन रुपये होती असे म्हणाले, तर शेजारच्या आजींनी दीड रुपया सांगितला. मुले विचारतात की यातले खरे कोणते लिहायचे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खडू_फळा
सर, आधी प्रश्न लहान करा, आणि तोही असा निवडा की ज्याचे उत्तर इंटरनेटवर मिळणारच नाही. निवृत्तीपूर्वी मी मुलांना विचारले होते, ‘दुष्काळात आपल्या गावच्या शाळेतून किती मुले गळाली?’ त्याचे उत्तर जनरल रजिस्टरमध्ये असते. आपली शाळा नंतरची असेल, तर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत विचारा. मात्र त्या रजिस्टरमध्ये जात आणि जन्मतारीखही असते, म्हणून मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन नोंदी शिक्षकानेच उतरवाव्यात आणि मुलांच्या हाती नावाशिवाय फक्त इयत्ता, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण एवढेच द्यावे. त्यांनी ते लॅपटॉपवरील तक्त्यात भरावे. केवळ १९७२-७३ ची नोंद पाहून काहीच कळत नाही. निदान १९६८ ते १९७६ एवढा पट्टा हवा, म्हणजे एरवी किती मुले शाळा सोडत होती तेही दिसते.

आमच्या रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात ओळीने ‘परगावी गेल्यामुळे’ असे लिहिलेले होते. एका मुलाने विचारले, ‘सर, परगावी म्हणजे कुठे?’ रजिस्टर ते सांगत नव्हते. मुले म्हाताऱ्या माणसांकडे गेली ती हा प्रश्न घेऊन. मी पाठवले म्हणून गेली नाहीत.

जुनी_दप्तरे
तीन रुपये आणि दीड रुपया, दोन्ही खरे असू शकतात. खडीची मजुरी मापावर ठरत असे. ज्याची जेवढी खडी, तेवढे पैसे. शिवाय वय, कामाचा प्रकार आणि महिना यांनीही फरक पडतो. म्हणून ‘मजुरी किती होती?’ असे न विचारता ‘पगाराच्या दिवशी काय काय व्हायचे?’ असे विचारून पाहा. मग मुकादम, हजेरीचे मस्टर, सुकडी (कामावर वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ), रेशनवर मिळालेला तांबडा मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) असे सगळे आपोआप बाहेर येते. दोन्ही आकडे वहीत राहू द्यावेत आणि शेजारी कोणी सांगितले, तेव्हा त्यांचे वय काय होते, काम कोणते होते, हे लिहावे. सरासरी काढून सव्वादोन रुपये लिहिणे मात्र सर्वांत वाईट, कारण ती मजुरी कोणालाच मिळालेली नसते.

आणखी एक. बरेच वृद्ध त्या सगळ्या कामांना सरसकट ‘रोजगार हमी’ म्हणतात. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये त्या कल्पनेचा प्रयोग केला होता हे खरे, पण हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी लागू झाला; बहात्तरची बहुतेक कामे ही शासनाची दुष्काळी कामे होती. मुलांनी आजोबांची चूक काढू नये. नंतरचे नाव आधीच्या कामाला कसे चिकटले, हाच वर्गातल्या एका तासाचा विषय होऊ शकतो.

नकाशावाली
उपग्रहचित्रांबद्दल थोडे सांगते, कारण उत्साहाच्या भरात तिथेच फसगत होते. गूगल अर्थवरील टाइमलॅप्स, म्हणजे वर्षावर्षाची उपग्रहचित्रे ओळीने दाखवणारी चित्रफीत, १९८४ पासूनचा आहे, त्यामुळे तलाव ‘होताना’ त्यात दिसणार नाही. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकन लष्कराचे १९५० च्या दशकातील भारताचे नकाशे खुले केले आहेत, पण त्यांचे प्रमाण १:२,५०,००० आहे, म्हणजे एका सेंटिमीटरात अडीच किलोमीटर. त्यांत रस्ते आणि मोठी गावे शोधावीत, पाझर तलाव नव्हे. त्यापेक्षा मुलांना भरावावरून चालवा, सांडव्यापाशी उभे करून मोबाईलवर अक्षांश-रेखांश नोंदवून घ्या आणि तलावाखालच्या विहिरी व डाळिंबाच्या बागा इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावर शोधायला सांगा. तलावाचा लाभ कोणत्या शिवाराला झाला आणि जमीन कोणाची गेली, हे प्रश्न तिथेच सुचतात.

रेकॉर्डिंगची संमती आधी घ्या, आणि ते पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. आमच्याकडे एका आजींनी उपासमारीचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी नातवाकरवी निरोप पाठवला की ते पुसून टाका. मुलांना वाईट वाटले, पण आम्ही पुसले.

माणदेशी_मास्तर
सर्वांचे आभार. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आणि काल रजिस्टर पाहिले. काही पानांच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण दुष्काळाच्या वर्षातील शाळा सोडल्याच्या अकरा नोंदी वाचता येतात. त्यांतल्या सात जणांची नावे १९७४ च्या जूनमध्ये पुन्हा दाखल झालेली आहेत. त्यांपैकी तिघे अजून गावात राहतात. मी स्वतः भेटून त्यांची संमती घेतली असून शनिवारी मुले त्यांच्याकडे जाणार आहेत. पहिला प्रश्न वर्गाने एकमताने ठरवला आहे: परगावी म्हणजे कुठे?