मॅथएमएलमध्ये कंसाला ऑपरेटर का म्हणायचं?

कंसवाला: अकरावीच्या नोट्स वेबसाठी मॅथएमएलमध्ये, म्हणजे वेबपानावर गणित लिहायच्या टॅगांच्या भाषेत, टाकतोय, पंधरा दिवस झाले, आणि हे डोक्यातून जातच नाहीये. व्हेरिएबलला एमआय, आकड्याला एमएन, अधिक-वजाला एमओ म्हणजे ऑपरेटर, इथपर्यंत ठीक. पण कंस पण एमओ, स्वल्पविराम पण एमओ! कंस कुठली क्रिया करतो? पाय ही चक्क संख्या, तिला नंबरचा टॅग नाही, आयडेंटिफायरचा एमआय. आणि एनसीआर (n मधून r निवडायचे किती प्रकार, ते) मोठ्या कंसात एकाखाली एक लिहायचं तर एमफ्रॅक घ्या आणि रेघेची जाडी शून्य करा, म्हणजे जो अपूर्णांकच नाही त्याला अपूर्णांकाचा टॅग. नाव वाचून आत काय आहे ते कळलंच पाहिजे. कंसांसाठी एमफेन्स्ड होता, तोही कोअरमधून, म्हणजे ब्राउझरसाठी ठरवलेल्या मूळ भागातून, काढला.

जुळारी: अजिबात पटलं नाही. एमओ हे नाव अर्थावरून नाही, ओळीत ते चिन्ह कसं वागतं त्यावरून आहे. आतल्या अपूर्णांकाएवढा कंस ताणायचा, स्वल्पविरामानंतर जागा सोडायची, हे सगळं ऑपरेटर डिक्शनरी, म्हणजे कुठलं चिन्ह कसं मांडायचं याची मॅथएमएलमधली यादी, ठरवते. आपण ‘ए वजा बी’ म्हणतो आणि नुसतं असेल तर ‘उणे बी’, खूण एकच, तिथे पण जागेवरूनच ठरतं की वजाच्या दोन्ही बाजूंना जागा द्यायची आणि उणेला नाही. पाय लिहिताना तुम्ही अक्षरच लिहिता ना, अंक नाही. एमफेन्स्ड तर नुसता शॉर्टकट होता, एमरो (एका ओळीत मांडायचा टॅग) आणि एमओ वापरून तेच होतं. ही नावं 1998 पासून चालू आहेत, क्रोमने 2013 मध्ये सपोर्ट काढला तो परत यायला 2023 उजाडलं, आता नावं बदलून पुन्हा सगळ्यांना कामाला लावायचं का?

रेवाताई: जुळारीदादा, दिसण्याचं ठीक आहे हो, पण ऐकणाऱ्याचं काय? माझा एक विद्यार्थी स्क्रीन रीडरवर शिकतो. मॅट्रिक्स ए, वर टी, म्हणजे ट्रान्सपोज, तर त्याला ऐकू आलं ‘एचा टीवा घात’. बिचारा अर्धा तास घात शोधत बसला. वर लिहायचा टॅग एमसप, तो एवढंच सांगतो की वर काहीतरी आहे. साइनवर उणे एक लिहिलं की तेच, व्यस्त फल आहे की एक भागिले साइन? कंटेंट मॅथएमएलमध्ये, म्हणजे दिसण्याऐवजी अर्थ लिहायच्या प्रकारात, व्यस्त फलाला सरळ आर्कसाइन टॅग आहे, तिथे घोळच नाही.

जुळारी: ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण कंटेंटचे टॅग ब्राउझर दाखवत नाहीत आणि प्रत्येक अर्थाला टॅग काढत बसलो तर संपणारच नाही. म्हणून तर चौथ्या आवृत्तीत इंटेंट ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगला जोडून अर्थ लिहायची सोय, येतंय. टॅग एमसपच, इंटेंटमध्ये ट्रान्सपोज लिहा.

कंसवाला: म्हणजे अर्थ लिहायचा की नाही हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. नाही लिहिला तर ताईंचा विद्यार्थी पुन्हा घातच शोधणार. एमओबद्दल ऐकतो तुमचं, डिक्शनरीचा मुद्दा बरोबर आहे, पण मग त्याला ऑपरेटर नका म्हणू, नुसतं चिन्ह म्हणा.